पृथ्वीची संहिता आणि तिचे वाचक : खुल्या उपग्रहचित्रांचा इतिहास

१

'भूगोल' हा शब्द मराठीत आज एका विद्याशाखेचे नाव म्हणून रूढ असला, तरी त्याचा मूळ अर्थ 'पृथ्वीचा गोल' असाच आहे. सूर्यसिद्धांतासारख्या ज्योतिषग्रंथांत तो याच अर्थाने येतो. गेल्या दोन दशकांत या मूळ अर्थाला एक नवे, दृश्य रूप प्राप्त झाले आहे. संगणकाच्या पडद्यावर फिरणारा, हवा तेथे थांबणारा आणि अंतराळातून थेट गावाच्या वेशीपर्यंत उतरू देणारा आभासी पृथ्वीगोल आता भूगोलशास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहिलेला नाही. फ्रँको मोरेत्ती यांच्या युरोपीय कादंबरीच्या अॅटलासचे इंग्रजी भाषांतर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून साहित्यकृतींचे नकाशे काढणे ही तौलनिक अभ्यासाची एक मान्य रीत झाली आहे. प्रवासवर्णने, तीर्थमाहात्म्ये, हस्तलिखितांचा प्रवास अशा विषयांवर काम करणारा संशोधकही आज या गोलाकडे वळतो.

वळल्यावर त्याचा पहिला प्रश्न बहुधा व्यावहारिक असतो : उपग्रहचित्रे, उंचीची मापे आणि सीमारेषा विनामूल्य कोठे मिळतात? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा ऐतिहासिक विचार करावयाचा आहे. ही सामग्री कोणी निर्माण केली, ती कोणाच्या खर्चाने झाली, कोणत्या वर्षी आणि कोणत्या निर्णयाने ती खुली झाली, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. संहितेची किंमत ती कोणी वाचावी एवढेच ठरवीत नाही. पुष्कळदा मुळात काय लिहिले जावे हेही ठरविते.

२

पृथ्वीगोल बाळगण्याचा इतिहास हा स्वामित्वाचाही इतिहास आहे. मार्टिन बेहाइमने न्यूरेंबर्ग येथे १४९२ च्या सुमारास तयार केलेला गोल हा आज शिल्लक असलेल्या जुन्यातल्या जुन्या पृथ्वीगोलांपैकी एक. विंचेन्झो कोरोनेल्ली याने १६८० च्या दशकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी सुमारे चार मीटर व्यासाचे दोन प्रचंड गोल घडविले. एक पृथ्वीचा, दुसरा आकाशाचा. तेथे गोल हे राजवैभवाचे चिन्ह होते. पुढे १८५१ मध्ये जेम्स वाइल्ड याने लंडनच्या लेस्टर चौकात उभारलेल्या भव्य गोलात प्रेक्षक पैसे देऊन आत शिरत आणि आतल्या बाजूस कोरलेले खंड व पर्वत जिन्यांवरून पाहत. १८६२ मध्ये तो पाडण्यात आला. एलिझे रेक्ल्यू या फ्रेंच भूगोलवेत्त्याने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी १:१,००,००० प्रमाणाचा, म्हणजे सुमारे १२७ मीटर व्यासाचा गोल उभारण्याची योजना मांडली होती. सर्वसामान्य माणसाला आपली पृथ्वी खऱ्या प्रमाणात पाहता यावी हा तिचा हेतू होता. ती योजना प्रत्यक्षात आली नाही.

राजाची मालमत्ता, तिकिटाचा देखावा आणि लोकशिक्षणाचे अपुरे राहिलेले स्वप्न, असे हे गोलाशी असलेले तीन संबंध. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपग्रह आले, तेव्हा हे तिन्ही संबंध नव्या वेषात पुन्हा अवतरले.

३

१९७२ या एका वर्षात पृथ्वीच्या दोन प्रतिमांना आरंभ झाला. ७ डिसेंबर रोजी अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी सुमारे २९,००० किलोमीटर अंतरावरून पूर्ण प्रकाशित पृथ्वीचे छायाचित्र घेतले. 'ब्लू मार्बल' या नावाने ते जगभर पसरले. त्याआधी २३ जुलै रोजी एक मानवरहित उपग्रह कक्षेत गेला होता. त्याचे पहिले नाव ईआरटीएस-१. १९७५ मध्ये त्या मालिकेला 'लँडसॅट' हे नाव मिळाले. अपोलोचे चित्र एकच होते आणि त्याचे प्रतीक झाले. लँडसॅट मात्र दर अठरा दिवसांनी त्याच भूमीवर परत येत होता. त्याची चित्रे साठत गेली आणि त्यांचा अभिलेख तयार झाला. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर पहिले भावगीतासारखे आणि दुसरी बखरीसारखी.

या बखरीचे पुढे काय झाले, हा आपल्या विषयाचा गाभा आहे. अमेरिकी संघशासनाच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतींवर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे ही चित्रे तत्त्वतः सार्वजनिक होती. परंतु १९८४ मध्ये तेथील काँग्रेसने दूरसंवेदनाच्या व्यापारीकरणाचा कायदा संमत केला आणि १९८५ पासून लँडसॅटचे वितरण इओसॅट या खाजगी कंपनीकडे गेले. एका चित्राची किंमत सुमारे ४,४०० डॉलरपर्यंत चढली. विद्यापीठांतील अभ्यासकांना ही चित्रे परवडेनाशी झाली, हा परिणाम तर उघडच होता. त्याहून गंभीर परिणाम निराळाच होता. ज्या प्रदेशांच्या चित्रांना निश्चित ग्राहक नव्हता, त्यांची चित्रे घेण्याचे प्रमाणच घटले. उपग्रह त्या भूमीवरून जात होता; पण तिची नोंद करून घेण्यात कोणाला लाभ दिसत नव्हता. उपग्रहांवर साठवणुकीची सोय नसणे, संदेशवहनातील बिघाड अशा तांत्रिक मर्यादाही होत्या, हे मान्य केले पाहिजे. तरीही १९८० च्या उत्तरार्धातील आणि १९९० च्या आरंभीच्या वर्षांतील जागतिक संग्रहात जी रिकामी पाने दिसतात, त्यांना बाजाराचे धोरण बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. हरवलेले हस्तलिखित कधीतरी एखाद्या मठात सापडण्याची आशा असते. न टिपलेल्या दिवसाच्या बाबतीत तशी आशा नसते.

१९९२ च्या नव्या कायद्याने हे धोरण उलटवले. १५ एप्रिल १९९९ रोजी प्रक्षेपित झालेल्या लँडसॅट-७ ची चित्रे सुमारे ६०० डॉलरला मिळू लागली. अखेरीस २००८ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने संपूर्ण संग्रह विनामूल्य करण्याचा निर्णय जाहीर केला आणि २००९ च्या आरंभापर्यंत तो अमलात आला. शुल्काच्या काळातील सर्वाधिक विक्रीच्या वर्षी, म्हणजे २००१ मध्ये, सुमारे २५,००० चित्रे विकली गेली होती. खुले झाल्यानंतर वर्षभराच्या आत दहा लाखांहून अधिक चित्रे अभ्यासकांनी उतरवून घेतली. २०१० पासून त्या संस्थेने निरनिराळ्या देशांतील ग्रहणकेंद्रांत पडून असलेली जुनी लँडसॅट चित्रे एकत्र आणण्याचे काम हाती घेतले आणि लाखो चित्रांची त्यात भर पडली. विखुरलेल्या पोथ्या एका भांडारात आणण्यासारखेच हे काम होते.

युरोपनेही पुढे हीच वाट धरली. कोपर्निकस कार्यक्रमातील पहिला उपग्रह सेंटिनेल-१ए एप्रिल २०१४ मध्ये, तर प्रकाशचित्रे घेणारा सेंटिनेल-२ए जून २०१५ मध्ये कक्षेत गेला. दहा मीटरपर्यंत सूक्ष्म असलेली त्याची चित्रे प्रथमपासूनच सर्वांना खुली आहेत. मात्र हा खुलेपणा कायमचा पदरात पडला आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याने लँडसॅटवर पुन्हा शुल्क बसवावे की काय, याचा विचार २०१८ मध्ये चालविला होता.

४

खुल्या सामग्रीचा दुसरा प्रवाह गुप्ततेच्या तळघरातून आला. १९६० ते १९७२ या काळात अमेरिकेने 'कोरोना' या नावाने हेरगिरीचे उपग्रह सोडले. त्यांतील चित्रे खऱ्याखुऱ्या फिल्मवर घेतली जात. फिल्मची कुपी हवाई छत्रीने खाली सोडली जाई आणि विमान ती अधांतरीच झेलून घेई. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या फेब्रुवारी १९९५ च्या आदेशाने या काळातील ८,६०,००० हून अधिक चित्रे सार्वजनिक झाली.

ज्यांनी ती घेतली त्यांना क्षेपणास्त्रांचे तळ हवे होते. ज्यांनी ती पुढे वाचली त्यांना प्राचीन पाऊलवाटा सापडल्या. ईशान्य सीरियातील खाबूर नदीच्या वरच्या खोऱ्यात, कांस्ययुगीन वसाहतींमधून चहूकडे फाकणारे, माणसांच्या व जनावरांच्या रहदारीने खोलगट झालेले मार्ग पुरातत्त्वज्ञ जेसन उर यांनी याच चित्रांच्या आधारे मोठ्या विस्ताराने नोंदविले. पुढील काळातील नांगरट, कालवे आणि धरणे यांमुळे जमिनीवरून पुसट होत गेलेल्या खुणा १९६० च्या दशकातील फिल्मवर शाबूत होत्या. लेखकाचा हेतू आणि संहितेचा अर्थ एक नसतात, हे साहित्यसमीक्षेला परिचित असलेले सूत्र येथे अक्षरशः खरे ठरलेले दिसते.

उंचीच्या मापांचा इतिहासही बोधप्रद आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने उत्तरेस ६० आणि दक्षिणेस ५६ अक्षांशांपर्यंतच्या भूमीची, म्हणजे पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के जमिनीची, उंची मोजली. मोजणी सर्वत्र सारखी होती. प्रकाशन मात्र तसे नव्हते. अमेरिकेच्या भूमीची मापे ३० मीटरच्या अंतराने खुली झाली, उर्वरित जगाची ९० मीटरच्या. सह्याद्रीचा कडा आणि रॉकी पर्वताचा उतार एकाच यंत्राने पाहिला, तरी वाचकाच्या हाती आलेल्या दोन प्रतींत पहिली पुसट होती. हा भेद दूर करण्याची घोषणा २०१४ मध्ये झाली आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने जगाची ३० मीटरची मापे उपलब्ध झाली.

५

वरील प्रवाह एकत्र आल्यावरच आभासी पृथ्वीगोल शक्य झाला. त्याची कल्पना आधी साहित्यात आली, ही बाब तौलनिक अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' या १९९२ च्या कादंबरीत 'अर्थ' नावाची अशी एक प्रणाली येते. १९९८ च्या जानेवारीत अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी 'डिजिटल पृथ्वी'ची कल्पना एका भाषणात मांडली. कीहोल या कंपनीने २००१ मध्ये 'अर्थ व्ह्यूअर' आणले. हेरगिरीच्या उपग्रहांना असलेल्या सांकेतिक नावाचीच त्या कंपनीच्या नावात आठवण होती. २००४ मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली आणि जून २००५ मध्ये 'गूगल अर्थ' प्रसिद्ध झाले. दरम्यान २००४ मध्ये नासाने 'वर्ल्ड विंड' हा स्वतःचा गोल खुल्या आज्ञावलीसह प्रसिद्ध केला होता. ब्लू मार्बल नावाचीच नवी जागतिक चित्रमाला, लँडसॅट-७ ची चित्रे आणि एंडेव्हरची उंचीची मापे, अशी त्याची बहुतेक सामग्री सार्वजनिक होती.

या दोन गोलांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. दोन्ही विनामूल्य, परंतु एकात चित्र पाहावयास मिळते, दुसऱ्यात ते घ्यावयास मिळते. व्यापारी गोलावरील अतिसूक्ष्म चित्रांचे हक्क ती घेणाऱ्या कंपन्यांकडे राहतात. त्यांचे पुनर्मुद्रण वा विश्लेषण अटींच्या अधीन असते. सार्वजनिक संग्रहातील चित्र मात्र संशोधक स्वतःजवळ ठेवू शकतो, मोजू शकतो, छापू शकतो आणि दुसऱ्याला पडताळण्यासाठी देऊ शकतो. 'फुकट' आणि 'सार्वजनिक' हे शब्द समानार्थी नाहीत. वाइल्डच्या गोलाचे तिकीट माफ झाले, म्हणून रेक्ल्यूचा गोल उभा राहिला असे होत नाही.

दुसरा भेद पाठचिकित्सेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. गोलावर आपल्याला अखंड, निरभ्र पृथ्वी दिसते. अशी पृथ्वी कोणत्याही दिवशी अस्तित्वात नव्हती. निरनिराळ्या तारखांच्या चित्रांतून ढगांचे भाग गाळून, उरलेले तुकडे सांधून आणि रंग जुळवून ती रचलेली असते. ही एक संमिश्र संहिता आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती येथे आठवते. तीही अनेक पोथ्यांतून रचलेली आहे. परंतु विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद दिले. कोणता पाठ कोणत्या पोथीतला हे वाचकापासून लपविले नाही. आभासी गोलाच्या पृष्ठावर अशी तळटीप नाही, किंवा असलीच तर कोपऱ्यातील एका वर्षापुरती असते. तिचे पाठभेद सार्वजनिक अभिलेखागारांत आहेत. तेथे प्रत्येक चित्रावर दिनांक, वेळ, उपग्रहाचे नाव आणि ढगांचे प्रमाण नोंदलेले असते. म्हणून गोल हा संशोधनाचा आरंभ होऊ शकतो. प्रमाण मात्र त्यामागील दिनांकित चित्र होय.

६

भारताचा या इतिहासाशी असलेला संबंध द्विविध आहे. एकीकडे १७६७ पासून चालत आलेली भारतीय सर्वेक्षण संस्थेची परंपरा, १९७९ पासून हैदराबादजवळच्या शादनगर येथे होत असलेले लँडसॅटच्या संकेतांचे ग्रहण आणि १७ मार्च १९८८ रोजी कक्षेत गेलेला आयआरएस-१ए हा स्वदेशी दूरसंवेदन उपग्रह, असा समृद्ध वारसा आहे. दुसरीकडे, सीमाभागाचे व किनारपट्टीचे मोठ्या प्रमाणावरील नकाशे दीर्घकाळ अभ्यासकांना बंद होते. शिवाय १९५७ च्या कायद्यानुसार शासकीय कृतींवर शासनाचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून साठ वर्षे राहतो. परिणामी, भारतीय संशोधकाला आपल्याच नदीचे चित्र परकीय संग्रहातून मिळविणे अनेकदा सोपे गेले.

२००५ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. मे महिन्यात राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर झाले आणि त्याने संरक्षणासाठी एक व सर्वसामान्यांसाठी एक, अशा नकाशांच्या दोन माला ठरविल्या. जूनमध्ये गूगल अर्थ आले. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी अशा चित्रांमुळे निर्माण होणाऱ्या सुरक्षेच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले. त्यांची चिंता निराधार नव्हती. परंतु कागदी नकाशा कपाटात ठेवून पाळता येणारी गुप्तता आता पाळता येण्याजोगी राहिली नव्हती, हेही त्याच वर्षाने दाखवून दिले. ऑगस्ट २००९ मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने 'भुवन' हा स्वतःचा पृथ्वीगोल लोकांपुढे ठेवला. पुराणांतील व सिद्धांतग्रंथांतील भुवनकोशाचे स्मरण करून देणारे हे नाव अर्थपूर्ण आहे. पुढे भुवनवरून भारतीय उपग्रहांची काही चित्रे आणि कार्टोसॅट-१ वरून सिद्ध केलेली उंचीची मापे विनामूल्य मिळू लागली.

मार्ग तरीही सरळ नव्हता. २०१६ च्या मे महिन्यात मांडलेल्या एका विधेयकाच्या मसुद्यात परवानगीविना भूस्थानिक माहिती मिळविणे व प्रसिद्ध करणे यांवर १०० कोटी रुपयांपर्यंत दंड व सात वर्षांपर्यंत कारावास सुचविला होता. त्यावर व्यापक टीका झाली आणि तो कायदा झाला नाही. २०१७ मध्ये, सर्वेक्षण संस्थेच्या २५० व्या वर्षी, १:५०,००० प्रमाणाचे खुल्या मालेतील नकाशे आधार क्रमांकाच्या नोंदीवर विनामूल्य देण्यास आरंभ झाला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी पूर्वपरवानगीची बहुतेक बंधने दूर केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले. पाच वर्षांच्या आत राज्याची भूमिका एवढी पालटली, याची चर्चा मानव्यविद्यांत व्हावी तेवढी झालेली नाही.

७

हा सारा इतिहास साहित्याभ्यासाला कोठे भिडतो, हे मराठीतीलच एका ग्रंथाच्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. महानुभाव संप्रदायाची 'स्थानपोथी' ही चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थळांची नोंद आहे. कोणत्या गावी कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, त्यापासून नदी कोणीकडे, अशी ती गद्यात लिहिलेली भूस्थानिक सामग्रीच होय. अॅन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' या २००३ च्या ग्रंथात महाराष्ट्रातील प्रदेशभावनेचा विचार करताना अशा परंपरांचे महत्त्व दाखवून दिले आहे. आता या पोथीतील गोदाकाठ आभासी गोलावर शोधू लागलो, तर पैठणच्या वरच्या बाजूस आपल्याला नाथसागराचे विस्तीर्ण पाणी दिसते. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि तेथील जुना नदीकाठ जलाशयाखाली गेला. पोथीतील 'नदीच्या उत्तरेस' या शब्दांतली नदी आजच्या चित्रात नाही.

येथे शोधाची दिशा बदलावी लागते. अमेरिकी सर्वेक्षण संस्थेच्या 'अर्थ एक्सप्लोरर' या संग्रहात स्थळ आणि कालमर्यादा देऊन चित्रे निवडता येतात. तेथे १९७२ नंतरची पहिली लँडसॅट चित्रे पाहावीत. त्यांची सूक्ष्मता सुमारे ८० मीटर असल्याने त्यांत देऊळ दिसणार नाही. गोदावरीच्या पात्राची दिशा आणि वळणे मात्र वाचता येतात. त्याआधीच्या काळासाठी त्याच संग्रहातील कोरोनाच्या पट्ट्या धुंडाळाव्यात. आजच्या स्थितीसाठी कोपर्निकसचा संग्रह आणि भारताचे 'भुवन' व 'भूनिधी' आहेत. रस्ते व गावांची नावे यांसाठी २००४ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी घडविलेला 'ओपनस्ट्रीटमॅप' उपयोगी पडतो. लहान प्रमाणावरील जागतिक रूपरेषांसाठी 'नॅचरल अर्थ' हा संग्रह आहे आणि त्यावर कोणताही हक्क राखलेला नाही. मात्र त्यातील सीमारेषा प्रत्यक्ष ताब्यानुसार काढलेल्या असल्याने त्या भारताच्या अधिकृत नकाशाशी जुळत नाहीत. भारतात प्रकाशन करणाऱ्याने सर्वेक्षण संस्थेच्याच सीमा वापरणे आवश्यक आहे. प्रत्येक स्रोताची भूमिका त्याच्या रेषांत उतरलेली असते, याचा हा आणखी एक पुरावा.

या शोधातून पोथीतील प्रत्येक स्थळ सापडेलच असे नाही. पण पोथी आणि चित्र या दोन संहिता परस्परांशेजारी ठेवल्या की दोन्हींचे वाचन अधिक काटेकोर होते. पोथीतील दिशा चित्राला प्रश्न विचारतात. चित्राचा दिनांक पोथीच्या भाष्यकाराला सावध करतो.

८

मुद्रणाने ग्रंथ पसरविले, हे आपण मान्य केले आहे. परंतु ग्रंथालयांनी, अनुदानांनी आणि स्वामित्वहक्काच्या कायद्यांनी ते कोणापर्यंत पोहोचावेत हे ठरविले, हेही साहित्येतिहासाला ज्ञात आहे. उपग्रहचित्रांची गोष्ट याहून वेगळी नाही. १९८४ चा एक कायदा, १९९५ चा एक आदेश, २००८ चा एक निर्णय आणि २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे यांनी आपल्याला आज दिसणारी पृथ्वी घडविली आहे. त्यांतील एखादा निर्णय उलटा झाला असता, तर आपल्या गोलावर आज आहेत त्याहून अधिक रिकाम्या जागा असत्या आणि त्या रिकाम्या आहेत हे सांधलेल्या चित्रामुळे आपल्याला कळलेही नसते.

म्हणून मानव्यविद्यांच्या अभ्यासकाने खुल्या सामग्रीचा केवळ लाभ घेऊन थांबू नये. आपल्या लेखनात चित्राचा दिनांक, उपग्रह आणि संग्रह यांचा निर्देश करणे, व्यापारी गोलावरील दृश्याऐवजी सार्वजनिक प्रत उद्धृत करणे आणि सार्वजनिक अभिलेख सार्वजनिक राहावेत यासाठी आपल्या विद्यापीठांतून मागणी करीत राहणे, एवढे तरी त्याच्या हाती आहे. पोथीच्या पाठाचे मूळ शोधण्याची शिस्त आपल्या परंपरेला नवी नाही. तीच शिस्त आता भूमीच्या चित्रालाही लावली पाहिजे.